ताऱ्याशेजारचा ठिपका

लातूर
२१ जानेवारी २०२४

मामा,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही. खाली घरमालक राहतात. म्हणून पत्र.

मागच्या खेपेला तुम्ही विचारलं होतं, कॉलेजात शिकवून आल्यावर मी कॉम्प्युटरसमोर काय करत बसते. तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

चिली नावाच्या देशात एक मोठी दुर्बीण आहे. तिने काढलेली चित्रं काही काळाने सगळ्यांना खुली होतात. पुण्याला पीएच.डी. करताना जो गट होता, त्याच्यासोबत मी ती अजून तपासते. आम्ही जवळच्या ताऱ्यांशेजारी ग्रह आहेत का ते बघतो. ताऱ्याचा उजेड इतका असतो की शेजारचं काही दिसत नाही. म्हणून दुर्बिणीतच ताऱ्यावर एक बारीक झाकण ठेवतात. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यावर आला की तुम्ही पंजा आडवा धरून रस्त्याची कड बघायचात, तसं.

तरी थोडा उजेड बाजूने सांडतोच. त्यात खोटे डाग पुष्कळ असतात. ते वजा करत जायचं. दोन वर्षांपूर्वीच्या एका चित्रात सगळं वजा करूनही एक ठिपका उरला आहे. तारा आपल्यापासून बावीस प्रकाशवर्षांवर, म्हणजे आमच्या हिशोबाने शेजारीच. ठिपका त्याचा ग्रह असू शकतो. अजून नक्की नाही.

गटाने परवा तशी छोटी नोंद जाहीर केली. तिच्यात माझं नाव पहिलं आहे. चित्र सोबत जोडलंय. आई असती तर तिला दाखवलं असतं.

ज्ञानेश्वरी


मुखेड
६ फेब्रुवारी २०२४

ज्ञानू माय,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि धम्मानंद सरांकडं घेऊन गेलो. ते आता तुझ्या शाळेचे हेडमास्तर हायत. वाचता वाचता ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. म्हणून मी पण उठलो. दोघं उगंच उभे. शिपाई बघून राहिला, कुणी वारलं का काय.

आता रागावू नको. रविकिरणकडं फ्लेक्स करायला टाकला होता, तो काल एसटी स्टँडसमोर लागला. तुझं चित्र त्याला दिलं तर म्हणे, "काका, मधी काळं भोक हाय आन् कडंला डाग. लोकांना काय दिसंल ह्याच्यात? मी एक झकास टाकतो." त्यानं कड्यावाला शनी टाकला. खाली तुझा दहावीचा फोटो. मी म्हणलं, बाबा, शनी आधीच सापडलेला हाय. तो म्हणे, "लोकांना कुठं माहीत हाय!"

व्यंकट फ्लेक्ससमोर लई वेळ उभा होता. त्याची राजकन्या यंदा दहावीला हाय. देगलूरचं एक स्थळ आलंय. शेती हाय, खताचं दुकान हाय. आता शब्द देऊन ठेवू, अठरा भरले की लगीन, असं त्याच्या मनात चालू हाय. मी म्हणतो, पोरीला लातूरला ज्ञानूकडं ठेव, सायन्स शिकू दे. तो म्हणतो, "बाबा, शिकून करायचं काय?" पोटचा पोरगा हाय, पण त्याला समजावायला माझ्याकडं आजवर काही नव्हतं. आता फ्लेक्स हाय.

तारा कोणता ते कळव. लोक विचारून राहिले.

वैजनाथ


लातूर
२८ फेब्रुवारी २०२४

मामा,

फ्लेक्स उतरवून घ्या. ते जमत नसेल तर निदान शनी काढायला सांगा.

तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फार मंद आहे.

आणि नक्की का नाही ते सांगते. ठिपका ताऱ्याच्या शेजारी दिसतो, पण तो खूप मागे, लांबवर असलेला दुसराच तारा असू शकतो. एका चित्रावरून ते कळत नाही. जवळचा तारा मात्र आकाशात हळूहळू सरकतो. खिडकीतून बघा, गाडी पुढे जाते, शेजारच्या सीटवरचा माणूस तुमच्यासोबत येतो, लांबचं झाड मागे पडतं. तसंच इथे. जूनमध्ये दुर्बीण तेच चित्र पुन्हा काढणार आहे. ठिपका ताऱ्यासोबत सरकला असेल तर ग्रह. नाहीतर नाही.

तोवर कोणाला काही सांगू नका. व्यंकटदादाला तर नकोच.

राजकन्येला मात्र माझ्याकडे पाठवा. त्यासाठी ग्रह कशाला लागतो?

ज्ञानेश्वरी


मुखेड
१ ऑगस्ट २०२४

ज्ञानू माय,

राजकन्येला ९१ टक्के पडले. व्यंकटनं तिला इथंच मुखेडात अकरावीला घातलं. देगलूरवाले दोनदा येऊन गेले. तुझ्याकडं पाठवायला ग्रह लागत न्हाई असं तू लिहिलंस. तुला लागत न्हाई. व्यंकटला लागतो.

जून गेला, जुलै गेला. दुसऱ्या चित्राचं तू काही लिहिलं न्हाईस. वाईट असतं तर तू लिहिलं असतंस. तेव्हा ठीकच असंल असं धरून चाललो.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की शाळेत तुझा सत्कार ठेवलाय. धम्मानंद सरांनी छापील पत्रिका केल्यात. न्हाई म्हणू नको. व्यंकट म्हणतो, "तिच्या तोंडून ऐकतो, मग लातूरचं ठरवतो." कॉलेज बदलायला ऑगस्टअखेरपर्यंत मुदत हाय, असं राजकन्येनं स्वतः जाऊन विचारून आणलं. मला सांगितलं, बापाला न्हाई.

माझ्या कानांचं तुला ठाऊकच हाय. तू काय बोलशील ते मला ऐकू येणार न्हाई. तरी पहिल्या रांगेत बसणार.

वैजनाथ


लातूर
२७ ऑगस्ट २०२४

मामा,

राजकन्या रविवारी सुखरूप पोहोचली. कॉलेज बदलण्याचं काम झालं. आतल्या खोलीत तिची खाट लावली आहे.

सत्काराबद्दल धम्मानंद सरांना माझे आभार कळवा. मी भाषणात फार बोलले नाही हे खरं. घसा बसला होता.

शाल कपाटात ठेवली आहे. तुम्ही म्हणालात तशी पांघरून फोटो काढायला जमलं नाही.

इकडे कामं फार आहेत. दिवाळीपर्यंत पत्र झालं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

ज्ञानेश्वरी


मुखेड
२२ सप्टेंबर २०२४

ज्ञानू माय,

घसा बसल्याचं तू लिहिलंस. लोकांना तुझं कमी बोलणंच लई आवडलं. व्यंकट म्हणतो, "बघा बाबा, एवढं करून पोरगी किती साधी. मान वर करून बघत नव्हती." मला पण तसंच दिसलं. तुझी आई नागाबाई तशीच होती. चार माणसांत कौतुक झालं की पदर सावरत आत जायची.

देगलूरवाल्यांना व्यंकटनं न्हाई म्हणून कळवलं. चहाला बोलावून तोंडावर सांगितलं. ते चहा न घेता उठले. पुन्हा येतील असं वाटत न्हाई.

तू मोठी झालीस, कामं असणार. पण दोन ओळी टाकत जा. पोस्टमन मला बघून लांबूनच मान हलवतो.

वैजनाथ


लातूर
१७ नोव्हेंबर २०२४

मामा,

राजकन्या सकाळी साडेसहाला बाहेर पडते. गणित तिचं चांगलं आहे. आकडा दिला की आधी तो बरोबर आहे का हे बघते, मग पुढे जाते. स्वयंपाक दोघी मिळून करतो. फार बोलत नाही. तशी तुमच्याकडेही बोलत नसेल.

दिवाळीला ती मुखेडला आली तेव्हा मला येता आलं नाही. सुट्टी होती, पण येता आलं नाही.

ज्ञानेश्वरी


मुखेड
८ डिसेंबर २०२४

ज्ञानू माय,

एक गोष्ट सांगायची हाय. मार्चपासून मनात हाय.

तू लिहिलं होतंस की तारा नुसत्या डोळ्यांना दिसत न्हाई. ते मी वाचलं होतं. पण संध्याकाळी पारावर बसलो की कुणीतरी विचारायचंच, "वैजनाथकाका, भाचीचा तारा कोणता?" एक दिवस मी वर बोट केलं. समोर एक चांगला ठळक होता, तोच दाखवला. वाटलं, विषय मिटला. दुसऱ्या दिवशी लोक पोरांना घेऊन आले. मग मी रोज तोच दाखवत गेलो. उन्हाळ्यात तो मावळायला लागला तेव्हा दुसरा धरला. कुणाला समजलं न्हाई. शाळेतली लेकरं मला आता "तारेवाले आजोबा" म्हणतात.

गेल्या आठवड्यात पाचवीतल्या एका पोरीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही दाखवलेला तारा पुस्तकातल्या नकाशात बघितला. त्याचं नाव वेगळंच लिहिलंय." मी म्हणलं, पुस्तक जुनं असंल. एवढ्या लहान लेकराला मी खोटं पाडलं. रात्री जेवण गेलं न्हाई.

सत्तर वर्षांचा माणूस मी. लाज वाटून राहिली. तुला सांगितल्याशिवाय त्या पोरीला सांगता येईना, म्हणून आधी तुला.

वैजनाथ


लातूर
१९ डिसेंबर २०२४

मामा,

तुमचं पत्र येऊन पाच दिवस झाले. मी तीन पत्रं लिहून फाडली.

दुसरं चित्र जूनमध्येच काढलं गेलं. माझ्या हातात यायला जुलै संपला. सहा ऑगस्टला मी मोजणी केली. तारा जेवढा सरकायला हवा होता तेवढा सरकला होता. ठिपका जागेवर होता. मी तीनदा मोजलं. तो त्या ताऱ्याचा कोणी नाही. खूप मागे असलेला एक साधा तारा आहे.

गटात कोणाला याचं काही वाटलं नाही. असे ठिपके बहुतेक वेळा गळतात. आमचे प्रमुख म्हणाले, "ठीक, पुढचा तारा घ्या." ऑक्टोबरात तशी नोंदही जाहीर झाली. तिच्यातही माझं नाव पहिलं आहे. तिथे मी काही लपवलं नाही. ज्यांना मी ओळखतही नाही अशा माणसांना मी खरं सांगितलं.

सत्कार नऊ दिवसांवर होता. तुम्हाला पत्र लिहायला घेतलं. वाटलं, पत्रिका छापल्या आहेत. वाटलं, तिथे येऊन सांगेन. शाळेच्या फाटकात मुलांनी दोन रांगा केल्या होत्या. एका मुलीने ओवाळलं. मग मला सांगता आलं नाही.

एवढंच असतं तर मी स्वतःला थोडी सवलत दिली असती. गप्प बसणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे असं म्हटलं असतं. पण चहाच्या वेळी व्यंकटदादा जवळ आला. म्हणाला, "ज्ञाने, हे नक्की हाय ना? मला एकच पोरगी हाय." मी म्हणाले, "नक्की." तुम्ही बाजूला उभे होतात. तुम्हाला ऐकू आलं नाही, पण तुम्ही हसलात.

त्या पाचवीतल्या मुलीला तुम्ही खुशाल सांगा. तुमचं खोटं छोटं आहे.

ज्ञानेश्वरी


मुखेड
२ जानेवारी २०२५

ज्ञानू,

ते "नक्की" मला ऐकू आलं न्हाई, पण दिसलं होतं. बहिऱ्या माणसाला ओठ वाचता येतात. म्हणून हसलो होतो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

ठिपका ग्रह निघाला न्हाई, त्याचं मला काही न्हाई. तू आधीच तसं लिहिलं होतंस. माझ्याच कानात शिरलं न्हाई, आणि ते कान बहिरे म्हणून न्हाई.

पण शाल जिथं घेतली तिथंच सांगायचं. शाळेत, परिपाठाला, लेकरांसमोर. व्यंकटला बोलावून. प्रजासत्ताकदिनाला ये.

वैजनाथ


लातूर
११ जानेवारी २०२५

मामा,

तुमचं म्हणणं मला पटतं. पण थोडं थांबा.

नोंद जाहीर झालेली आहे. कोणीही वाचू शकतं. म्हणजे मी जगापासून काही लपवलेलं नाही. शाळेतल्या मुलांना आता सांगून काय मिळेल? एखादी मुलगी विज्ञानाकडे वळली असेल, ती मागे फिरेल.

आणि राजकन्या. व्यंकटदादाला कळलं तर तो तिला घेऊन जाईल. अकरावीचं अर्धं वर्ष झालं आहे. तिचं बारावी होऊ द्या. तिचा कुठेतरी प्रवेश होऊ द्या. मग मी स्वतः येऊन सांगेन. तिच्यासाठी एवढं थांबा.

ज्ञानेश्वरी


मुखेड
१७ जानेवारी २०२५

ज्ञानू,

मी अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली. नवीन होतो तेव्हा हदगावच्या बाजूला एका फाट्यावर चुकीचा रस्ता धरला. भर दुपारी, गाडी भरलेली. शंभर पावलांवर कळलं की चुकलं. तिथंच वळवली असती तर दोन माणसं हसली असती. मला लाज वाटली. वाटलं, पुढं एखादा आडवा रस्ता निघंल. सात किलोमीटर गेलो. मागून एक म्हातारी ओरडली, "ओ डायवर, आमचं गाव इकडं कधी आणून ठेवलं?" सगळी गाडी हसली. ते हसू मला निवृत्त होईपर्यंत पुरलं. डेपोत सगळे मला "आडवा रस्ता" म्हणायचे.

तू आता आडवा रस्ता शोधून राहिलीस.

राजकन्येचं नाव पुढं करू नको. तिच्या आड तू उभी हायेस. तिला ते ओझं माहीत पण न्हाई.

वैजनाथ


लातूर
२४ जानेवारी २०२५

मामा,

सोबत बंद पाकिटात एक पत्र आहे. धम्मानंद सरांनी ते परिपाठाला वाचावं. व्यंकटदादाला बोलवा.

मी स्वतः यायला हवं. दोनदा स्टँडवर जाऊन आले. मुखेडच्या गाडीची पाटीही बघितली. चढता आलं नाही. हेही तुम्हाला सांगते, कारण आता काही न सांगता ठेवायचं नाही असं ठरवलं आहे.

पाकिटातलं पत्र असं आहे:

"विद्यार्थ्यांनो, पंधरा ऑगस्टला तुम्ही माझा सत्कार केलात. मी ताऱ्याशेजारी ग्रह शोधला असं तुम्हाला सांगितलं गेलं. तो ग्रह नाही. मागचा एक तारा आहे. ही चूक नव्हती. असंच शोधायचं असतं, शंभरदा बघायचं आणि बहुतेक वेळा नाही म्हणायचं. पण तो ग्रह नाही हे मला सहा ऑगस्टलाच कळलं होतं. तरी मी आले, ओवाळून घेतलं, शाल घेतली आणि विचारणाऱ्याला नक्की म्हणून सांगितलं. ते चूक होतं. त्याची मला लाज वाटते. ज्ञानेश्वरी."

ज्ञानेश्वरी


मुखेड
२९ जानेवारी २०२५

ज्ञानू,

आज वाचलं. सरांनी स्वतः वाचलं. मला ऐकू येत नव्हतं. मी समोर खुर्चीवर बसून तोंडं बघत होतो.

आधी लेकरं चुळबूळ करून राहिली होती. मग मोठ्या वर्गाच्या रांगा थांबल्या. मग लहानांच्या. मास्तर लोकांनी खाली बघितलं. ओवाळणारी पोरगी कोणती ते मला लगेच समजलं. तिचं तोंड असं झालं, जसं कुणी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

नंतर मी उभा राहिलो आणि माझ्या ताऱ्याचं सांगितलं. पाचवीतल्या पोरीचं नाव घेऊन सांगितलं की पुस्तक जुनं न्हाई, आजोबा खोटारडा हाय. सगळे हसले. तुझ्या वेळी कुणी हसलं नव्हतं. सांगतो ते तुला कमी वाटावं म्हणून न्हाई, जसं झालं तसं सांगतो.

रविकिरण फाटकाशी भेटला. ओरडून म्हणाला म्हणून ऐकू आलं, "मी म्हणलं होतं ना काका, शनीच बरा. तो कुठं जात न्हाई."

व्यंकट मागच्या भिंतीला टेकून उभा होता. तारखेपाशी सर आले तेव्हा त्यानं बोटं मोजली. सहा ते पंधरा. "नक्की" आलं तेव्हा तो निघून गेला. घरी आला न्हाई. सूनबाईला फोन केला म्हणे, उद्या सकाळच्या गाडीनं लातूरला निघणार हाय. मी आडवा पडणार न्हाई. तो तुझ्या दारात येईल तेव्हा हे पत्र तुला मिळालेलं नसंल.

वैजनाथ


लातूर
२ मार्च २०२५

मामा,

महिना उलटला. व्यंकटदादाने घरी किती सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून सगळं लिहिते.

तो अकराला आला. चप्पल बाहेर काढली. पाणी पुढे केलं ते घेतलं नाही. उभ्यानेच म्हणाला, "शाल घेताना ठाऊक होतं?"

मी हो म्हणाले.

"मी इचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

तो म्हणाला, "देगलूरवाल्यांना मी तोंडावर सांगितलं, माझी पोरगी ज्ञानेश्वरीसारखी होणार. तोंडावर सांगितलं." मग खाली बसला. मी समोर बसले नाही. बसण्यासारखं वाटलं नाही.

साडेबाराला राजकन्या कॉलेजातून आली. बापाला बघून दारातच थांबली. तो म्हणाला, "सामान भर. तुझ्या आत्याचा ग्रह खोटा निघाला."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, पप्पा."

मामा, तिला सप्टेंबरपासून माहीत होतं. माझ्या टेबलावर दोन्ही चित्रांचे छापील कागद होते. गाडीचं आणि झाडाचं तुम्हीच तिला समजावून सांगितलं होतं म्हणे, माझ्या पत्रावरून. मी कॉलेजात असताना तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. मधलं काळं झाकण जुळवलं. ठिपका जुळेना. मग ठिपका जुळवला तर झाकण जुळेना. दुसऱ्या कागदाच्या कोपऱ्यात मी मोजणीची तारीख लिहिलेली होती.

व्यंकटदादा म्हणाला, "मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही परत नेलं असतं."

"म्हणून खोटं बोललीस?"

"खोटं नाही बोलले. गप्प बसले."

"तेच ते," तो म्हणाला.

राजकन्येचं ते वाक्य माझंच होतं. मी ते तिला कधी शिकवलं नव्हतं. पाच महिने आम्ही एका ताटलीत पापड भाजून ठेवत होतो, एकमेकींना गणितं विचारत होतो, आणि दोघी एकाच गोष्टीवर गप्प होतो. मला वाटत होतं ती स्वभावाने अबोल आहे. तुम्हालाही मी तसंच लिहिलं. सतरा वर्षांची मुलगी माझी लाज सांभाळत होती आणि मी तिच्या गणिताचं कौतुक करत होते. तुम्ही लिहिलं होतंत की तिला ते ओझं माहीत नाही. मलाही तसंच वाटत होतं.

व्यंकटदादा उठून त्या खिडकीपाशी गेला. मग तिला विचारलं, "एवढं शिकायचंय?"

ती हो म्हणाली. रडली नाही.

तो म्हणाला, "मग शीक. पण हिच्याजवळ नको."

त्याच दिवशी कॉलेजच्या मागे मुलींचं वसतिगृह आहे तिथे गेलो. मी गादी उचलली, ती उचलू दिली त्याने. तिथल्या बाईंनी फॉर्म दिला. त्यात 'स्थानिक पालक' असा रकाना असतो, लातुरात राहणाऱ्या नातेवाइकाचं नाव लिहायचं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. व्यंकटदादाने पेन घेऊन स्वतःचं नाव लिहिलं, मुखेडचा पत्ता लिहिला. बाई म्हणाल्या, "अहो, इथला माणूस लागतो." तो म्हणाला, "मुखेड काय परदेश हाय? बोलावलं की तीन तासांत येतो." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीवरची नियमांची पाटी वाचत होते.

जाताना त्याने वळून बघितलं नाही असं नाही. बघितलं आणि गेला.

राजकन्या रविवारी येते. स्वयंपाक करतो, जेवतो. मी नवीन ताऱ्याची चित्रं घेतली आहेत, ती तिला दाखवते. ती आता पूर्वीपेक्षा जास्त बोलते. पण मी काहीही सांगितलं, दुर्बिणीचं सोडा, अगदी घरमालकांनी भाडं वाढवलं असं सांगितलं, तरी ती आधी विचारते, "आत्या, तुला कधी कळलं?"

मी तिला तारीख सांगते.

ज्ञानेश्वरी